मोहाच्या झाडाची चौकशी

शेणव्याकडे बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर आमच्या नाशिकच्या मंडळींनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तिथं काही बघायला गेलोच नव्हतो. मी तपासायला गेलो होतो.

तपासणं हा माझा पिंड आहे. सगळी नोकरी विम्याचे दावे तपासण्यात गेली. जळालेलं दुकान समोर आलं की लोक राखेकडे बघतात, मी मालकाच्या चेहऱ्याकडे बघतो. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. भाजीवाली स्वतःहून कोथिंबीर घालू लागली की मी आधी टोमॅटो दाबून बघतो. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही त्याचं आधारकार्ड मागाल. मागेन की, त्यात काय वाईट आहे?

तर माझी थोरली बहीण, मालूताई, शहापूर तालुक्यात शेणव्याच्या अलीकडे एका शेताच्या कडेला तीन खोल्यांच्या घरात एकटी राहते. आमचे भाऊजी त्या भागात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी तिथंच थोडी जमीन घेऊन घर बांधलं, पुढं कटकट नको म्हणून मुलाच्या नावावर केलं आणि तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा, म्हणजे माझा भाचा श्रीरंग, बंगळूरला असतो. मागच्या उन्हाळ्यात ताई मोरीत पाय घसरून पडली, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर. घर विकावं आणि आईला बंगळूरला न्यावं असं त्याच्या मनात होतं. ताई ऐकेना. शेवटी त्याने मला फोन केला. म्हणाला, "मामा, तिथले लोक तिचा फायदा घेतात असं मला वाटतं. तुझी नजर तयार आहे. तू दोन दिवस राहून बघ आणि मला सांग. तू म्हणालास आई तिथं राहू शकते, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. तू नाही म्हणालास, तर ती तुझं ऐकेल."

इतक्या विश्वासाने कोणी काम सांगितलं की मला फार बरं वाटतं. होळी होऊन गेली होती. मी गाडी काढली.

घाट उतरून

कसारा घाट उतरला की नाशिकची कोरडी हवा वरच राहते आणि अंगाला घाम चिकटायला लागतो. उंबरमाळीच्या आसपास डोंगर पानगळीने उघडे पडले होते. मधेच एखादा पळस पेटलेला. माहुलीचे सुळके उन्हात धुरकट दिसत होते. या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते आणि इथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे भाऊजी नेहमी सांगायचे. रस्त्यात एका वळणावर टँकर उभा दिसला, तेव्हा ते आठवलं.

शहापुरात ताईसाठी खारी आणि बटर घेतलं आणि शेणव्याच्या रस्त्याला लागलो. पाच-सहा वर्षांत आलो नव्हतो, त्यामुळे फाट्यावर थांबून एका माणसाला घर विचारलं. नाव सांगायच्या आतच तो म्हणाला, "मास्तरीनबायकडं जायाचं ना? त्या आंब्यावरून डावीकडं. तुमी भाऊ त्यांचे, नाशिकचे."

मी येणार हे त्याला कसं ठाऊक? एकट्या बाईचं घर रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक, तिच्याकडे कोण येणार तेही ठाऊक. मनात पहिली नोंद केली.

ताई ओट्यावर वाल सोलत बसली होती. चांगली काळवंडली होती आणि अंगाने हलकी झाली होती, पण मला बघून तरातरा उठून आली. पडलेल्या बाईची चाल मला ओळखता येते. ही तशी वाटली नाही. घरात शिरलो आणि सवयीने आधी दारं-खिडक्या पाहिल्या. मागच्या दाराला कडी होती पण कोयंडा नव्हता. नुसती सुतळी. विचारलं तर म्हणाली, "कडीचं काय करायचंय? चांगुणाला यायला सोपं पडतं."

चांगुणा म्हणजे पलीकडच्या वाडीतली ठाकर बाई. ताईकडे तिचा दिवसातून दोन-तीनदा फेरा असतो. धुणंभांडी करते का, तर नाही. पगार घेते का, तर तोही नाही. मग येते कशाला, या प्रश्नाला ताईने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसायला."

बसायला कोणी कोणाकडे येत नाही, निदान आमच्या कॉलनीत तरी. पायरीवर पानात बांधलेला कसलासा पुडा होता. ताईने उघडला तर आत शेवग्याची फुलं. कोणी ठेवली असतील ते तिलाही सांगता येईना, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. कुठंतरी पाणी मुरतंय हे मी त्याच क्षणी ओळखलं.

आता जेवणाबद्दल सांगतो, कारण तिथं माझा संशय टिकला नाही. त्याच शेवग्याच्या फुलांची भाजी, कडव्या वालाचं बिरडं, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. आम्ही बाजरी-ज्वारीवाले. तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं असं मला वाटायचं. ताईने उकड मळून, पाण्याचा हात लावत, चुलीवर ती अशी टम्म फुगवली की मी किती खाल्ल्या ते सांगायची लाज वाटते. वालाला किंचित कडसरपणा होता. तो जिभेवर राहतो आणि पुढच्या घासाला बोलावतो. नाशिकला हेच बायकोला करून बघायला सांगितलं, तर ती म्हणाली तिथंच जाऊन राहा.

जेवणानंतर ऊन कलल्यावर मी जागेभोवती एक चक्कर मारली. आणि तिथं, कुंपणाच्या आतल्या बाजूला, मला पाहिजे ते सापडलं.

मोहाचं एक मोठं झाड होतं. पानं जवळजवळ सगळी झडलेली, फांद्यांच्या टोकांना घोस. त्याच्या बुंध्याभोवती जमीन जाळलेली होती. मी खाली बसून नीट पाहिलं. आग आपोआप लागलेली नव्हती, मुद्दाम लावलेली होती. काळ्या डागाची कड सारखी होती, आग पसरू नये म्हणून आधी कडेचा पाचोळा ओढून घेतला होता आणि नंतर राखही झाडून काढली होती. जाळून वर झाडतात, म्हणजे पुरावा पुसतात, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलंय. आणि वर, खोडावर, छातीच्या उंचीला, लाल ऑइलपेंटची ठसठशीत फुली.

काळी जादू म्हणा, नाहीतर जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांची खूण म्हणा. एकट्या म्हाताऱ्या बाईला घाबरवून घालवायचं असेल तर आणखी काय करतात? रात्री ताईला विचारलं. ती वाल निवडत होती. क्षणभर तिचे हात थांबले.

"जाळलंय ते त्यांनी जाळलंय," ती म्हणाली. "सकाळी बघशील."

"आणि फुली?"

"दमला असशील. झोप आता."

मी इतकी माणसं तपासली आहेत. प्रश्न टाळणारा माणूस मला लगेच कळतो. ताई कोणाला तरी भिते आहे, असा मी निष्कर्ष काढला. ती टाळत होती हे मी बरोबर ओळखलं होतं, फक्त कारण चुकलं. ती भीतीने नाही, कोणाला तरी वाचवायला टाळत होती.

अंगणात बाजेवर झोपलो. गोधडीला उन्हाचा वास होता. डास चावतील म्हणून वाट बघत राहिलो, ते आले नाहीत, त्याचाही मला थोडा राग आला. वाऱ्यावरून एक जड, गोडसर वास येत होता. त्याच वासात कधी डोळा लागला कळलं नाही. गेल्या कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

पहाटे, झाडाखाली

जाग आली ती कुजबुजीने. उजाडायला थोडा वेळ होता. मोहाच्या झाडाखाली बॅटरीचा उजेड हलत होता. दोन आकृत्या वाकून जमिनीवरून काहीतरी उचलत होत्या.

मी कोपऱ्यातली काठी घेतली आणि ओरडत गेलो. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही. त्यात चोर हा शब्द दोनदा तरी होता.

दोन्ही बायका सरळ झाल्या. एक वयस्क, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. दुसरी तरुण, ती तिची सून. दोघींच्या समोर टोपल्या आणि टोपल्यांत फिकट पिवळी, रसदार फुलं, द्राक्षाच्या लहान मण्यांएवढी. जाळून साफ केलेल्या काळ्या जमिनीवर तीच फुलं पसरली होती, अंधारातही दिसत होती. तेव्हा मला आगीचं कारण कळलं. पाचोळा राहिला असता तर एकही फूल सापडलं नसतं. मुद्दाम लावलेली आग, हे माझं अनुमान तंतोतंत बरोबर निघालं होतं. पण काठी उगारलेला माणूस असा अर्ध्यात थांबत नाही.

"कोणाच्या परवानगीने?" मी विचारलं.

"कोनाची पायजे?" वयस्क बाई म्हणाली. हीच चांगुणा. "झाड आमचं हाय, भाऊ. जमीन मास्तरांची."

मी हसलो. जमिनीवरचं झाड जमिनीच्या मालकाचं नसतं, हा नवा कायदा मला पहिल्यांदाच कळत होता. तसं मी तिला सुनावलं. ती शांतपणे म्हणाली की तिच्या सासऱ्याच्या बापापासून हे झाड त्यांच्या घराकडे आहे. या शिवारात जमीन कोणाचीही असो, मोहाचं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं आहे. फुलं त्याच घरानं वेचायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मास्तरांनी जमीन घेतली तेव्हा ते आधी तिच्या सासऱ्याला येऊन विचारून गेले होते.

"आणि ही फुली? हीसुद्धा सासऱ्याच्या बापाने काढली का?"

आता तिचा चेहरा बदलला. "ती आमी नाय काढली. तुमच्याकडला मानूस आलता. टेप घेऊन. बंगलोरच्या मालकानं धाडलंय बोलला."

असं सगळेच म्हणतात, मी म्हणालो. पकडला गेलेला माणूस आधी मालकाचं नाव पुढं करतो.

तिने टोपली उचलली आणि वेचलेली सगळी फुलं परत झाडाखाली ओतली. सुनेनेही तेच केलं. रिकाम्या टोपल्या काखेत मारून दोघी कुंपणाच्या खिंडीतून निघून गेल्या. मागं वळूनही बघितलं नाही.

मी काठी टेकून उभा राहिलो. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ताई ओट्यावर उभी होती. तिला मी इतकं रागावलेलं लहानपणी एकदाच पाहिलं होतं, तेव्हा मी तिचा पतंग फाडला होता.

"झालं तुझं?" ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते एका दमात सांगितलं. मागच्या वर्षी ती मोरीत पडली ती तिन्हीसांजेला. हाक मारली तरी ऐकू जाईल असं जवळ कोणी नाही. पाय हलेना. पहाटे चांगुणा मोहाला आली. बाईच्या घरात दिवा नाही, चूल पेटलेली नाही, म्हणून सुतळी सोडून आत शिरली. सुनेला वाडीवर पिटाळून माणसं आणली. कोयंडा घातलेला असता तर दार फोडेपर्यंत काय झालं असतं कोण जाणे. कोयंडा ताईने त्याआधीच स्वतः काढून टाकला होता. मोहाचा हंगाम सरल्यावरही चांगुणा येते, त्याचं कारण एवढंच, की एकदा झाडाला येणाऱ्याला घरही ओळखीचं होतं.

"मी इथं राहू शकते ते ती येते म्हणून," ताई म्हणाली. "ती यायची बंद झाली तर श्रीरंगला काही सांगायची गरजच नाही. मी आपणच निघते बंगळूरला. बोलावून घेऊ दे त्याला ते जमिनीचं गिऱ्हाईक."

"म्हणजे फुली..."

"महिना झाला. मी शहापूरला डोळे दाखवायला गेले होते त्या दिवशी. तीन झाडांवर आहे. गिऱ्हाइकाला आत गाडीरस्ता हवा, त्यासाठी झाडं तोडायची म्हणून. पोरगा आहे माझा, काय सांगायचं होतं तुला त्याच्याबद्दल?"

श्रीरंगने मला गिऱ्हाइकाचा, टेपवाल्याचा, फुल्यांचा, कशाचाच उल्लेख केला नव्हता. मला निकाल द्यायला पाठवलं होतं आणि निकाल आधीच लागलेला होता, माझी फक्त सही हवी होती. उभं आयुष्य ज्याने परक्यांवर संशय घेण्यात घालवलं, त्याने फोन करणाऱ्या भाच्याला एक उलटा प्रश्न विचारला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या हाताने दिली होती. मला भाच्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

वाडीवर

उजाडलं होतं. शेळ्या लवकरच या बाजूला येतात आणि मोहाची फुलं म्हणजे त्यांची मेजवानी, असं ताई म्हणाली. तेव्हा मी एकच करू शकत होतो. घरातली मोठी पाटी घेतली आणि वेचायला बसलो.

दिसतं तितकं सोपं नाही ते. फुलं रसाने जड असतात, जोरात धरलं तर फुटतात, बोटं चिकट होतात आणि त्या चिकटपणाला राख लागते. गुडघे तर माझे जन्माचे वैरी. पण वर कोवळं ऊन, डोक्यावर पोपटांची भांडणं, मधूनच टप् करून एखादं फूल पाठीवर पडायचं. एक तोंडात टाकून पाहिलं. गोड होतं, पण त्या गोडीच्या मागे एक उग्र वास होता. दारू याचीच काढतात हे आठवून मी आजूबाजूला बघितलं, तेवढा संशय अजून शिल्लक होता.

आमच्या झाडाखालची वेचून झाली तरी पाटी भरली नव्हती. अर्ध्या पाटीने माफी मागायची म्हणजे काही खरं नाही. बांधापलीकडे आणखी एक मोह होता, त्याच्याखालीही जमीन साफ केलेली आणि वर फुलांचा सडा. मी बांध ओलांडला आणि पाटी शिगोशीग भरली. मोठ्या समाधानाने ती डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून कडेवर घेऊन वाडीकडे निघालो.

चांगुणाचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, आत पाऊल टाकताच गार. अंगणात फुलं वाळत घातली होती. वाळून ती मनुकांसारखी तांबूस झाली होती. चांगुणा दारात बसली होती. तिने मला पाहिलं, पाटी पाहिली, राखेने माखलेला माझा पांढरा पायजमा पाहिला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मी पाटी खाली ठेवली आणि चुकलो असं म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने निघालं.

ती काही बोलायच्या आत मागून एक म्हातारा आला. हातात काठी, आणि ती त्याने साधारण मी पहाटे धरली होती तशीच धरलेली. गोमाबाबा. बांधापलीकडचं झाड त्याचं.

"कोन गं तो?" तो चांगुणाला विचारू लागला. "माजं मोह कोनी उचललं? शेजारचा पोर बोलला, नाशिकचा पावना पाटी घेऊन गेला."

मी त्या पाटीकडे बघितलं. कोणतं फूल कोणत्या झाडाचं, काही ओळखता येत नव्हतं. जमिनीचा मालक वेगळा आणि झाडाचा वेगळा असतो एवढंच मी त्या दिवशी शिकलो होतो, आणि शिकल्या शिकल्या चोरी केली होती.

चांगुणा आधी पदराआड हसली. मग उघड हसली. मग सून हसली. गोमाबाबाला काय झालं ते कळेना. चांगुणाने सांगितल्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, असं, की मी त्याच्या जागी असतो तर मीही तसंच न्याहाळलं असतं. "ह्या मानसाला सोडू नका एकट्याला," तो म्हणाला आणि बसला. चांगुणाने पाटीतली अर्धी फुलं त्याच्या टोपलीत घातली. त्याने आणखी दोन ओंजळी स्वतःच घेतल्या. मी पाटी आणखी जवळ सरकवून दिली.

मग गवती चहा घातलेला कोरा चहा आला आणि पानावर भाजलेली वाळकी मोहाची फुलं, तिळाबरोबर कुटलेली. गूळ न घालता एवढं गोड कसं असतं याची मी चौकशी केली, चांगुणाने सांगितलंही, पण ते सगळं माझ्या लक्षात राहिलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत होती. दोघंही एकमेकांना तपासत होतो. शेवटी तिनेच विचारलं.

"भाऊ, झाड तोडनार काय?"

पहाटेपासून तिला हेच विचारायचं होतं. फुली पडल्यापासून तिने रोज झाडाखाली येऊन वर बघितलं होतं. मी नाशिकहून गाडी घेऊन आलो, संध्याकाळी बुंध्याशी वाकून जमीन तपासली, हे तिने खिंडीतून पाहिलं होतं. माझ्या मनात तिच्याबद्दल जे होतं तेच तिच्या मनात माझ्याबद्दल होतं. फरक एवढाच, की तिच्या संशयाला आधार होता.

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. तेवढं खरं बोललो.

मुरबाड

ताईच्या घरात फोनला रेंज धड येत नाही. दुपारी तिला सुकट घ्यायची होती आणि चष्मा आणायचा होता, म्हणून आम्ही किन्हवलीवरून मुरबाडला निघालो. एरवी मी रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचत नाही. त्या दिवशी वाचल्या. निसर्गाच्या कुशीत बंगला, वीकेंड होम, शांतता, हिरवाई. पाट्यांच्या मागे सपाट केलेली तांबडी जमीन, तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि विकत आणलेली गवताची लादी. एका ठिकाणी बुंधे नुसते उरले होते. एकावर लाल फुलीचा खालचा अर्धा भाग अजून होता. ताईने खिडकीतून तिकडे बघितलं आणि काच वर केली.

ती चिडलेली नव्हती. मला वाटतं ती घाबरली होती, आणि आजवर तिने ते मला दिसू दिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने सकाळी उठावं, चूल पेटवावी, कोणीतरी येऊन नुसतं बसावं, पायरीवर पानाचा पुडा सापडावा, एवढ्याशा सुखासाठी भावापुढे परीक्षा द्यायला लागावी, याचं मला वाईट वाटलं. परीक्षक मीच होतो.

मुरबाडच्या बाजारात सुकट विकणाऱ्या बाईशी ताईने अशी घासाघीस केली की मला अभिमान वाटला. मग स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही भजी मागवली. तिथं रेंज होती. ताई समोरच बसली होती, तिने डोळ्यांनीच विचारलं, काय सांगणार? मी फोन लावला आणि तिलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

श्रीरंगने आईची तब्येत विचारली, मग कडी-कुलपं विचारली. मी सांगितलं, कोयंडा नाही आणि नसलेलाच बरा. मग म्हणालो की ताई इथं राहू शकते, उत्तम राहू शकते, आणि झाडांवरच्या फुल्या पुसायला माणूस पाठव.

फुल्यांचं मला कळलं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मग हळू आवाजात म्हणाला, "मामा, खरं सांग. त्या लोकांनी तुला काही दिलंय का?"

हाच प्रश्न, याच आवाजात, मी किती जणांना विचारला असेल. त्या प्रश्नाला उत्तर नसतं हे मला तेव्हा कळलं. हो म्हणावं तर संपलं, नाही म्हणावं तरी संपलं. आणि कालपासून माझ्या पोटात काय काय गेलं होतं ते आठवून मला नाही म्हणताही येईना.

ताईने बशी बाजूला सारली आणि फोन स्वतःकडे ओढला.

"श्रीरंग, मी ऐकतेय," ती म्हणाली. "घर तुझ्या नावावर आहे. तुला विकायचं तर वीक, मी सही-बिही अडवणार नाही. पण झाड तोडणार हे चांगुणाला तू सांगायचंस. फोनवर नाही. इथं यायचं, तिच्या अंगणात बसायचं, ती चहा देईल तो घ्यायचा आणि सांगायचं. बाबा गेले होते तसा जा. तू तेवढं करून आलास की त्याच दिवशी मी सामान बांधते."

ताईने फोन माझ्याकडे सरकवला आणि भज्यांबरोबरची मिरची उचलली.

याला आता दोन महिने होतील. श्रीरंग दर आठवड्याला फोन करतो, येतो येतो म्हणतो. अजून आलेला नाही.